कम्प्रेसर सोबत असलेला बरा

८ ऑक्टोबर, मंगळवार

कम्प्रेसर आला. पोर्टेबल. ट्रॅक्टरच्या बॅटरीला दोन चिमटे लावले की सुरू. बॉक्स मी स्वतः उचलून घरात आणला. काही वस्तू अशा असतात की त्या घेतल्यावर माणसाची चालच बदलते. बायको म्हणाली, चाल बदलली नाही, कंबर धरली आहे.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता त्यांना ट्रॅक्टरवर चढता येणार नाही. काल त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि सांगितलं की खालचं शेत नांगरून, ढेकळं फोडून तयार हवं. पेरणीयंत्रवाला एकवीस तारखेला, सोमवारी सकाळी येणार. त्याला तयार शेत मिळालं नाही तर तो पुढे निघून जातो, आणि मग त्या शेतात यंदा गवताशिवाय काही उगवायचं नाही. जो हे काम करील, ट्रॅक्टर कायमचा त्याचा.

मी ताबडतोब हात वर केला. साडूच्या तोंडात बिस्किट होतं. बायको म्हणाली, मी करते. मी हसलो. सासरे हसले नाहीत. गुडघा ठणकत असावा.

ट्रॅक्टरचा मला लोभ नाही. मुद्दा वेगळा आहे. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण सासरे मला अजून ‘पाहुणे’ म्हणतात. या पाहुणे, बसा पाहुणे, पाहुण्यांना पाणी द्या. साडू माझ्यानंतर या घरात आला, पण त्याला पहिल्या दिवसापासून ‘अरे’. अरे इकडे ये, अरे बावळटा तो नळ बंद कर. त्याला कळतही नाही की त्याला काय मिळालंय. शेत तयार झालं की मलाही ‘अरे’ म्हणतील. म्हणावंच लागेल.

कम्प्रेसर का? गेल्या वर्षी सासऱ्यांचा टायर शेतात पंक्चर झाला. चाक काढून हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेण्या-आणण्यात अख्खा दिवस गेला. माझ्या बाबतीत हे होणार नाही. मी कंपनीत स्टोअरकीपर आहे. इतक्या वर्षांत माझ्या हातून हजारो पाने, जॅक, लिव्हर गेले. वापरायची वेळ कधी आली नाही, पण हत्यारं मला ओळखतात.

दोन आठवड्यांची रजा मंजूर. साहेब म्हणाले, आणखी हवी असेल तर आणखी घ्या. कदर आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस किट लावण्यात. दोन लिव्हर, पॅच, सोल्युशन, वायरब्रश, प्रेशर गेज, व्हॉल्व्ह काढायची चावी, जॅक, आणि पंक्चर बुजवायच्या चिकट पट्ट्यांचं पाकीट. प्रत्येकावर लेबल. पाकिटावर ‘पट्ट्या’ असं छापलेलंच होतं, तरी मी लेबल लावलं. शिस्त म्हणजे शिस्त.

बायकोने विचारलं, नांगर कधी जोडणार? तिला समजावलं की आधी सिस्टिम, मग काम. ती म्हणाली, बाबा आधी काम करायचे. म्हणूनच गुडघे गेले, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बोललो नाही. मी कोणाला टाकून बोलत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

वेल्डरला बोलावून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पेटी बसवून घेतली. किट कायम सोबत. वेल्डरने दोनदा विचारलं की पेटी नक्की इथेच हवी ना, कारण आता चढताना पाय ठेवायला जागा उरणार नाही. आता दुसऱ्या बाजूने चढतो. पँट उसवली. किरकोळ.

नांगरणी: शून्य. पाया: भक्कम.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

अखेर शेतात गेलो. जाताना पेटीचं झाकण उघडलं. कधी, ते कळलं नाही. शेतात पोचल्यावर पेटीत फक्त वायरब्रश होता. सिस्टिम नवीन असली की असं होतं.

दुपारी बायको सायकलवरून डबा घेऊन आली. कॅरिअरला माझा जॅक, हँडलला कम्प्रेसर, टोपलीत लिव्हर. म्हणाली, तुम्ही कुठून कुठे गेलात ते घर सोडल्यापासून कळत होतं. मी सांगितलं की झाकणाची टेस्ट चालू होती. ती म्हणाली, नापास.

नंतर नांगरणी केली. उत्तम झाली. मात्र मी दर दोन फेऱ्यांनी थांबून प्रत्येक चाकाची हवा तपासतो. रोग होण्याआधी औषध. शेजारच्या शेतातले आजोबा बांधावर येऊन उभे राहिले आणि विचारलं, ट्रॅक्टरला ताप आहे का? जुन्या पिढीला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स समजत नाही.

एका कोपऱ्यात बरीच प्रगती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आनंदाची बातमी. पंक्चर! पुढच्या डाव्या चाकात खिळा. देव पावला.

चिकट पट्टी काढली, सुई खुपसली, पट्टी आत सारली. पाकिटावरच्या चित्रात जसं आहे अगदी तसं. तरी हवा आणखी जोरात जायला लागली. सुई थोडी खोल गेली असावी. म्हणून दुसऱ्या बाजूने आणखी एक पट्टी.

बायको आली. म्हणाली, अहो, या टायरला आत ट्यूब आहे, या पट्ट्या बिनट्यूबच्या गाडीच्या टायरसाठी असतात, तुम्ही ट्यूबची चाळण केलीत. मी पाकीट पुन्हा पाहिलं. चित्र कारचं होतं. हे त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. कंपनीला पत्र लिहिणार.

मग तिने चाक उतरवलं, लिव्हर लावून टायर सोडवला, ट्यूब काढली, घासली, पॅच बसवले. लहानपणी बाबांबरोबर करायची म्हणे. मी पूर्ण वेळ सुपरव्हिजन केलं आणि हत्यारं हातात दिली, लेबल वाचून. नशीब, हत्यारं माझी होती. नाहीतर केलं असतं काय तिने?

ती पुन्हा म्हणाली, द्या ना मला दोन दिवस ट्रॅक्टर. म्हटलं, तू दमतेस. म्हणाली, तुम्हाला कसं कळलं? मी लिव्हरवरचं सुटलेलं लेबल पुन्हा चिकटवलं, तोपर्यंत ती सायकलवर बसून निघाली होती.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मागची दोन्ही चाकं जमिनीवर जरा बसकी दिसतात. सासऱ्यांच्या वेळेपासून अशीच असणार. वय झालं की माणसाचं लक्ष राहत नाही.

हवा भरायला घेतली. ट्रॅक्टरचं मागचं चाक माझ्या छातीएवढं आणि कम्प्रेसर डब्याएवढा. काटा हलेना. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की मशीन थोडा वेळ चालवा, मग बराच वेळ विश्रांती द्या. मशीनने विश्रांती घेतली. मीही घेतली. जागा झालो तेव्हा मशीन पुन्हा सुरू केलं, त्याने ‘घुं’ केलं आणि गप्प बसलं. इंजिन बंद ठेवून कम्प्रेसर चालवल्यामुळे बॅटरी उतरली होती. ट्रॅक्टरही सुरू होईना.

साडू कार घेऊन आला आणि वायर जोडून ट्रॅक्टर सुरू करून दिला. मी त्याला बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला, बायकोने फोन केला म्हणून. जाताना म्हणाला, दादा, तोंडाने फुंकलं असतं तर लवकर झालं असतं. त्याला हसू दिलं. एकविसाला बघू कोण हसतं ते.

एक चतुर्थांश शेत झालं. पाव म्हटलं की कमी वाटतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आजची नोंद मोठ्या अक्षरांत लिहितो. सासऱ्यांची घोर फसवणूक झाली आहे, आणि ती मी उघडकीला आणली.

आज घराच्या अंगणात मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह साफ करायला उघडला. चेहऱ्यावर पाणी! चक्क कारंजं. टायरमध्ये हवा असते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. दुसरं चाक उघडलं. त्यातही पाणी. गंजकट, वास येणारं, किती वर्षांचं कोण जाणे.

स्टोअरमध्ये काढलेला काळ फुकट गेला नाही. मला लगेच चित्र दिसलं. पंक्चरवाला! हवा भरायला वीज लागते, पाणी नळाला येतं. म्हातारा माणूस, टायर उघडून कोण बघतोय? भरा पाणी. आणि आमचा बिचारा ट्रॅक्टर इतकी वर्षं हे ओझं वाहत होता. म्हणूनच चाकं बसकी!

चाक जॅकवर घेतलं, व्हॉल्व्ह खाली फिरवला आणि सगळं पाणी काढून टाकलं. बादल्याच बादल्या. वाया घालवलं नाही, सासूबाईंच्या भाजीच्या वाफ्याला दिलं. बायको घरी आली तेव्हा अंगणात चिखल होता. म्हणाली, ट्रॅक्टर धुतलात वाटतं? मी हो म्हटलं. म्हणाली, बरं केलंत. या आठवड्यातलं पहिलं कौतुक. खरी गोष्ट कोणालाच सांगितली नाही. सासऱ्यांना शेत तयार करून दाखवणार आणि वर हे सांगणार. एकदम डबल.

१६ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर हवा. इंजिन चालू ठेवून. मी चुकांतून शिकतो, तेही लगेच. कम्प्रेसर चाले, तापे, मी त्याला पुठ्ठ्याने वारा घाली, तो पुन्हा चाले. संध्याकाळी दोन्ही चाकं टणक. बोटाने वाजवली तर तबल्यासारखी वाजली. गेजवरच्या हिरव्या पट्ट्याच्या वर थोडी जास्तच भरली. द्यायचं तर हात आखडून का द्यायचं?

टाकीतलं डिझेल संपलं. सासऱ्यांनी खिडकीतून विचारलं, पाहुणे, ट्रॅक्टर सकाळपासून जागेवरच वाजतोय, शेत इकडे येणार आहे का? मी गूढ हसलो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पंक्चरवाल्याकडे गेलो. एकटा. भर चौकात उभं राहून तोंडावर सांगितलं की तू माझ्या सासऱ्यांच्या टायरमध्ये हवेऐवजी पाणी भरलंस, आणि मी ते सगळं काढून टाकलं आहे.

त्याने हातातली लिव्हर खाली ठेवली. मग त्याने शेजारच्या चहावाल्याला हाक मारली आणि मला म्हणाला, साहेब, याच्यापुढे पुन्हा सांगा. मी सांगितलं. मग गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याच्यापुढेही सांगितलं. मी घाबरतो की काय? तिघांपैकी कोणी एक अक्षर उलट बोललं नाही. गॅरेजवाला तर भिंतीला धरून खाली बसला. खांदे हलत होते त्याचे. पश्चात्ताप माणसाला असा मोडतो.

चहाचे पैसे घेतले नाहीत. पंक्चरवाला डोळे पुसत म्हणाला, साहेब, खालच्या शेताची ओली बाजू नांगरायची राहिली असेल ना? उद्या कधी जाणार? आम्ही बघायला येऊ. मी म्हटलं, अवश्य या. चुकलेल्या माणसाला सुधारायची संधी द्यावी.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

थोडक्यात लिहितो.

ओल्या बाजूला गेलो. नांगर खाली सोडला. चाकं फिरली. ट्रॅक्टर फिरला नाही. म्हणजे जागचा हलला नाही. चाकं गरगर फिरत होती आणि ट्रॅक्टर जागच्या जागी खाली जात होता. निदान सोपं होतं, चाकात हवा कमी. कम्प्रेसर सोबत होताच! आणखी भरली. आणखी खाली गेला. आणखी भरली. शेवटी मागचा भाग पार आसापर्यंत चिखलात, आणि मी सीटवरून पाय खाली सोडला तर तो थेट जमिनीला लागला. चढण्या-उतरण्याची अडचण सुटली.

बांधावर पंक्चरवाला, चहावाला, गॅरेजवाला आणि शेजारचे आजोबा. चहावाल्याने थर्मास आणला होता.

निम्म्याहून जास्त शेत बाकी. परवा रविवार, तेरवा सोमवार. पेरणीयंत्रवाला फोनवर म्हणाला की तारीख बदलता येणार नाही. बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. शेताकडे बघत उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. याच शेतावर ती ट्रॅक्टर शिकली म्हणे. हे मला आजच कळलं. तिने पूर्वी सांगितलं असेलही.

जेवण गेलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी साडूच्या कारमधून सासरे शेतावर आले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. काठी टेकत बांधापर्यंत चालले. काठीने मागच्या चाकावर टकटक केलं. ‘टण्’ आवाज आला. त्यांनी पुन्हा टकटक केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, पाहुणे, यातलं पाणी कुठे गेलं?

म्हटलं, हाच तो क्षण. सगळं सांगितलं. फसवणूक, शोध, चौकातला सामना. भाजीच्या वाफ्याचंही.

साडू कारच्या मागे गेला.

आणि मग सासरे कडाडले. अरे गाढवा! ते पाणी मी भरलं होतं, माझ्या हातांनी! वजनासाठी भरतात ते! वजनाशिवाय चाक ओल्या मातीत पकड घेईल कशी? आणि वर हवा ठासून भरलीस? टायर जरा बसका असला तर माती धरतो, तू त्याचा चेंडू केलास! अरे, तुला माहीत नव्हतं तर विचारायला तुझं काय जात होतं? घरात तीन माणसं आहेत विचारायला! मूर्खा!

इथे लिहिलं नाही तेही धरून एकूण सात वेळा ‘अरे’. गाढव दोनदा. मूर्ख एकदा. सतरा वर्षांत प्रथमच. मी रुमाल काढून डोळे पुसले. सासऱ्यांना वाटलं असेल की मला लागलं. त्यांना काय माहीत.

मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, हात मिळवतात. किल्ली मागत होते. किल्ली बायकोला दिली.

२० ऑक्टोबर, रविवार

कालपासूनची नोंद. शेजारच्या आजोबांच्या ट्रॅक्टरने आमचा ओढून काढला. बायकोने व्हॉल्व्ह उघडून हवा सोडली. माझी दिवसभराची मेहनत ‘फुस्स’ करून गेली, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. चाक जॅकवर घेऊन, व्हॉल्व्ह वर फिरवून, विहिरीच्या पंपाची नळी लावून पाणी भरलं. मग बेताची हवा. तेवढी भरायला कम्प्रेसर लागेल म्हणून मी घेऊन उभा होतो, पण पंक्चरवाल्याने त्याचा मोठा आणला होता.

काल संध्याकाळपर्यंत आणि आज पहाटेपासून तिने नांगरलं, मग ढेकळं फोडली. ओल्या बाजूलाही एकदाच गेली आणि सरळ बाहेर आली. पेटी कापून काढायला लावली, चढताना पायात येते म्हणाली. किट घेऊन मी दिवसभर तिच्या मागे चालत होतो. न जाणो, कधी लागेल. एकदा तिने थांबून हाक मारली. धावत गेलो. म्हणाली, घोटभर पाणी द्या.

खरं सांगायचं तर, फार छान चालवते. हे मी तिला सांगणार होतो. इंजिनचा आवाज फार होता.

आज सासरे दोनदा समोर आले. दोन्ही वेळा सावरून उभा राहिलो. ‘अरे’ काही आलं नाही. दमले असतील.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पेरणीयंत्रवाला वेळेवर आला. शेत पाहून म्हणाला, कोणी केलं, हात बसलेला आहे. सासऱ्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. ट्रॅक्टर तिचा. साडूने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मनापासून. हात थोडे उशिरा एकत्र आले.

दुपारपर्यंत पेरणी आटोपली. कम्प्रेसर लागला नाही. सासूबाईंनी मागितला, शिलाई मशीनमधली धूळ उडवायला. चांगली उडाली म्हणे.

संध्याकाळी सगळे ओसरीवर बसले होते. मी पायरीशी घोटाळलो. मुद्दाम नळ थोडा चालू ठेवून आलो होतो. सासऱ्यांचं लक्ष गेलं. त्यांनी साडूला हाक मारली, अरे बावळटा, तो नळ बंद कर.

मग माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली. म्हणाले, या पाहुणे, बसा.